विंडोज न पुसता शेजारी फेडोरा सिल्व्हरब्लू: गावातल्या लॅपटॉपसाठी पायरीपायरीनं

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी असावा लागतो. आमच्या यवतमाळकडच्या गावांत शिक्षकांकडे, सेवा केंद्रांत, कास्तकारांच्या कॉलेजातल्या पोरापोरींकडे जे लॅपटॉप आहेत, त्यांतले पुष्कळ या अटीत बसत नाहीत. मशीन चांगलं चालतं, पण अपडेट बंद. असं मशीन असेल आणि विंडोज पूर्ण सोडणं परवडत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अशा मशीनवर विंडोजच्या शेजारी फेडोरा सिल्व्हरब्लू ही लिनक्सची सिस्टिम टाकायची आणि मशीन सुरू करताना दोन्हींतली हवी ती निवडायची. सिल्व्हरब्लूची शिफारस मी मुद्दाम करतो. ही इमेजवर चालणारी सिस्टिम आहे. म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग सुट्या पॅकेजांनी तुकड्यातुकड्यानं बदलत नाही. सगळ्या सिस्टिमची पूर्ण तयार, तपासलेली एकच प्रत, म्हणजे इमेज, येते, जुनीच्या शेजारी ठेवली जाते आणि रीस्टार्ट केल्यावर मशीन नवीवर उठतं. नवी विहीर बांधून तिला पाणी लागल्यावरच जुनीवरची मोटर काढावी, तसा हा हिशेब आहे. अपडेट उतरत असताना लाईन गेली, बॅटरी संपली, तरी चालू असलेल्या सिस्टिमला धक्का लागत नाही. नवी इमेज बिघडलेली निघाली तर सुरू होतानाच जुनी निवडता येते. जिथं लाईन कधीही जाते आणि दुरुस्तीवाला तालुक्याला बसतो, तिथं हा गुण बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा आहे.

धोका आहे तो आधीच्या कामात, डिस्कवर जागा करून देण्यात. म्हणून या लेखातला बराच भाग लिनक्स टाकण्याच्या अगोदरचा आहे. तो गाळू नका.

## १. विंडोज कशासाठी ठेवायची, ते आधी ठरवा

सातबारा पाहणं, महाडीबीटीवर अर्ज भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, ऑनलाइन क्लास, यूट्यूब, पत्र टाइप करणं ही सगळी कामं लिनक्सवर ब्राउझरमधून होतात. ज्यासाठी विंडोज लागतेच अशी कामं मोजकी आहेत:

- टॅली
- सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर)
- डिजिटल सहीचं टोकन (काही टोकनं लिनक्सवर चालतात, पण संकेतस्थळाची अट विंडोजचीच असते)
- श्रीलिपी, आयएसएम यांसारखी जुनी टायपिंगची सॉफ्टवेअर
- कॅनन एलबीपी २९००, जो अर्ध्या दुकानांत दिसतो. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं कटकटीचं आहे

यातलं काहीच लागत नसेल तर दोन्ही ठेवण्याचा खटाटोप करू नका. सगळी डिस्क लिनक्सला द्या, काम निम्म्यानं सोपं होईल. आणि ज्या मशीनवर सेवा केंद्र रोज चालतं, लोक दारात उभे असतात, त्या मशीनवर हा प्रयोग पहिल्यांदा करू नका. आधी घरच्या लॅपटॉपवर हात बसवा.

## २. काय जमवायचं

- निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, लिनक्ससाठी. त्यातलं सगळं पुसलं जाईल.
- दुसरा पेनड्राइव्ह विंडोजच्या रिकव्हरीसाठी. हा बरेच जण टाळतात. टाळू नका.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क, किंवा गुगल ड्राइव्हवर पुरेशी जागा.
- डेटा केबल, म्हणजे वाय-फाय चाललं नाही तर मोबाइलचं नेट देता येईल.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. लॅपटॉप पोरानं किंवा दुकानदारानं सुरू करून दिला असेल तर कोणत्या ईमेलनं केला ते आत्ताच विचारून घ्या.
- वही आणि पेन. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) की, डिस्कचे आकडे, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काय होतं आणि काय बदललं, हे सगळं कागदावर.

मशीन म्हणाल तर ८ जीबी रॅम असावी. ४ जीबीवर चालतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की रखडतं. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. रॅम वाढवण्यापेक्षा त्यानं जास्त फरक पडतो. लिनक्ससाठी ६० जीबी मोकळी निघाली तर निवांत राहाल. ४० जीबीच्या खाली जाऊ नका, कारण दोन इमेज शेजारी ठेवायला जागा लागते आणि फ्लॅटपॅकची (सिस्टिमपासून वेगळी बसणारी) ॲप्सही जागा खातात.

## ३. विजेची आणि नेटची सोय

लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, चार्जर काढला की मशीन बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरशिवाय हे काम हातात घेऊ नका. इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचा खटका असतो, तो चालू करा. साध्या मोडमध्ये लाईन गेल्यावर इन्व्हर्टर उचलायला क्षणभर उशीर करतो आणि तेवढ्यात बिनबॅटरीचा लॅपटॉप बंद पडतो. बॅटरी धड असेल तर शंभर टक्के चार्ज करा आणि चार्जर लावूनच बसा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी हे काम काढू नका. सकाळी करा.

नेटचं म्हणाल तर आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची फाइल, साधारण तीन-चार जीबीची आहे. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात बसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कुणाकडे ब्रॉडबँड असेल, किंवा ग्रामपंचायतीत भारतनेट चालू असेल, तर तिथून उतरवा. चांगली गोष्ट ही की सिल्व्हरब्लूच्या आयएसओमध्ये पूर्ण सिस्टिम असते. प्रत्यक्ष टाकताना नेट लागत नाही.

## ४. लॅपटॉप तपासून घ्या

विंडोजमध्ये तीन गोष्टी बघायच्या.

बायोस मोड. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. 'बायोस मोड'समोर 'यूईएफआय' लिहिलेलं हवं. तिथं 'लेगसी' असेल तर हा लेख तुमच्या मशीनला जसाच्या तसा लागू होत नाही. अशा डिस्कवर बहुधा एमबीआर पद्धत असते, तिच्यात चारच प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे भाग) बसतात, आणि चार भरलेली असताना विंडोजमध्ये पाचवं करायला गेलात तर ती डिस्क 'डायनॅमिक' करायला सांगते. तिथं 'येस' म्हणू नका. लिनक्सचा मार्ग त्यानं बंद होतो.

डिस्कची पद्धत. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, खाली 'डिस्क ०' वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'व्हॉल्यूम्स'. तिथं 'जीपीटी' दिसायला हवं. याच पडद्यावर एक छोटं 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' आणि एक 'रिकव्हरी पार्टिशन' दिसेल. त्यांचे आकडे वहीत लिहा. या दोन्हींना पुढे कुठंही हात लावायचा नाही.

बिटलॉकर. याच्यासाठी स्वतंत्र पायरी आहे.

## ५. बॅकअप आणि बिटलॉकर

आमच्याकडे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात की 'माझ्या लॅपटॉपला कधी लॉक लावलंच नाही'. तुम्ही लावलं नसेल, विंडोजनं लावलेलं असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट (मान्यता असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बदललं, बूटचा क्रम हलवला, की विंडोज निळा पडदा दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला. दुकानदारही काढून देऊ शकत नाही.

म्हणून आधी 'सेटिंग्ज'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन रिकव्हरी की काढा आणि वहीत उतरवा. की सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पुन्हा पडताळायचं. मग ते एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क उलगडायला वेळ लागतो, पूर्ण होईपर्यंत थांबा. सगळं झाल्यावर विंडोजमध्ये पुन्हा चालू करायचं असेल तर करता येतं.

आता बॅकअप. फोटो, दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचे दाखले, सातबाऱ्याच्या पीडीएफ, टॅलीचा डेटा, बँकेची कागदं. कॉपी झाली की तेवढ्यावर सोडू नका. ती हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-दोन फाइल उघडून पाहा. उघडल्या तरच बॅकअप झाला असं धरा.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर विंडोजचा 'रिकव्हरी ड्राइव्ह' याच वेळी करून ठेवा.

## ६. फास्ट स्टार्टअप बंद, मग जागा मोकळी

विंडोज 'शटडाउन' केल्यावर खरं तर पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर अर्धी झोपलेली राहते. अशा अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं असतं, आणि लिनक्स तो ड्राइव्ह उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचायला देतं. 'कंट्रोल पॅनल', 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथं जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो: ६० जीबी हवी तर ६१४४०, ८० जीबी हवी तर ८१९२०. श्रिंक चालू असताना मशीनला हात लावू नका.

कधीकधी ड्राइव्हवर शंभर जीबी रिकामी असते, पण विंडोज म्हणते दहाच जीबी मिळेल. मधे न हलणाऱ्या फाइल अडून बसलेल्या असतात: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअर. ही तिन्ही तात्पुरती बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा, आणि मग परत चालू करा.

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' अशी जागा दिसेल. ती तशीच राहू द्या. इथंच हात शिवशिवतात. त्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून ई ड्राइव्ह बनवला की इन्स्टॉलरला ती जागा मोकळी दिसत नाही.

## ७. आयएसओ आणि पेनड्राइव्ह

फेडोराच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'फेडोरा मीडिया रायटर' घ्या. ते विंडोजवर चालतं, सिल्व्हरब्लू स्वतःच उतरवतं, तपासतं आणि पेनड्राइव्हवर लिहितं. आयएसओ मित्राकडून आणली असेल तर त्यातच फाइल निवडायची सोय आहे. एका पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवणारी साधनं इमेजवाल्या फेडोराला नेहमी मानवत नाहीत, ती इथं वापरू नका.

सिल्व्हरब्लू, किनोइट, ब्लूफिन, बझाइट अशी इमेजवाल्या सिस्टिमांची बरीच नावं तुम्हाला दिसतील. सिल्व्हरब्लूचा चेहरा, म्हणजे डेस्कटॉप, ग्नोमचा आहे. किनोइटचा केडीईचा, दिसायला विंडोजच्या जवळ. मी सिल्व्हरब्लू सांगतो ते एका कारणानं: मराठी टायपिंग त्यात सेटिंग्जमधूनच सरळ जोडता येतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ब्लूफिनची एनव्हिडियासाठीची इमेज बघा, त्यात ड्रायव्हर आधीच असतो. तिथं पहिल्या बूटला निळ्या पडद्यावर चावी नोंदवायला सांगतात. 'एनरोल एमओके' निवडायचं आणि त्यांच्या पानावर दिलेला पासवर्ड टाकायचा. तो पडदा घाईनं पुढे ढकलला तर ड्रायव्हर चालत नाही.

अजून एक. सिल्व्हरब्लूचा पेनड्राइव्ह लावला की थेट इन्स्टॉलर उघडतो; न टाकता चालवून पाहायची सोय त्यात नाही. तुमच्या लॅपटॉपचं वाय-फाय, आवाज, टचपॅड लिनक्सवर चालतात का ते आधी पाहायचं असेल तर साध्या फेडोरा वर्कस्टेशनचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा, तो चालवा, खात्री करा, आणि मग त्याच पेनड्राइव्हवर सिल्व्हरब्लू लिहा. जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय चिपच्या बाबतीत ही तपासणी वाचवते.

## ८. पेनड्राइव्हवरून सुरू करणं

मशीन पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप. काही लेनोव्होला कडेला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन दाबली की हाच मेनू येतो.

सिक्युअर बूट चालू राहू द्या, फेडोरा त्याच्यासकट चालतं. यूट्यूबवर 'आधी सिक्युअर बूट बंद करा' असं सर्रास सांगतात; इथं गरज नाही.

मेनू आल्यावर 'टेस्ट धिस मीडिया' असलेली ओळ निवडा. पेनड्राइव्ह स्वस्तातला असेल किंवा डाउनलोड मधे तुटलं असेल तर ते इथंच कळतं. अर्धवट इन्स्टॉल होऊन अडकण्यापेक्षा ही काही मिनिटं बरी.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' मोडवर असेल, ते 'एएचसीआय' करावं लागतं. पण थेट बदललं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सेफ बूट'ची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये 'एएचसीआय' करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, मग खूण काढा. हे सगळं बिटलॉकर बंद असतानाच.

## ९. इन्स्टॉलर: डिस्कचा पडदा

भाषा मराठी निवडता येते. कीबोर्ड मात्र पहिला इंग्रजीच ठेवा, नाहीतर पासवर्ड कोणत्या लिपीत टाइप होतोय ते ठिपक्यांमध्ये कळत नाही. टाइम झोन कोलकाता.

आवृत्तीप्रमाणे पडदे थोडे वेगळे दिसतील, पण तत्त्व एकच. 'इन्स्टॉलेशन डेस्टिनेशन'मध्ये तुमची डिस्क निवडलेली हवी. नाव आणि जीबी वहीतल्या आकड्याशी जुळवा. पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची हार्डडिस्क चुकून निवडलेली नको. खरं तर बॅकअपची डिस्क या वेळी मशीनला लावलेलीच नको. खाली 'ऑटोमॅटिक' राहू द्या. 'आणखी जागा मोकळी करायची आहे' अशा अर्थाची चौकट असेल तर तिच्यात खूण करू नका. मग 'डन' दाबा. ते बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं, लोक ते खाली शोधत बसतात.

आता नीट पाहा. मोकळी जागा पुरेशी असेल तर इन्स्टॉलर काही न विचारता मुख्य पडद्यावर परत येतो. पण 'रिक्लेम डिस्क स्पेस' अशी खिडकी उघडली तर तिथंच थांबा. याचा अर्थ त्याला मोकळी जागा सापडलेली नाही आणि तो विंडोजची पार्टिशन काढायची परवानगी मागतोय. त्या खिडकीत 'डिलीट ऑल' असं बटण असतं. ते दाबून पुढे गेलात की विंडोज, डी ड्राइव्ह, रिकव्हरी सगळं गेलं. 'कॅन्सल' करा, बाहेर पडा, विंडोजमध्ये जाऊन पायरी ६ पुन्हा करा. प्रत्यक्ष पुसणं शेवटचं 'बिगिन इन्स्टॉलेशन' दाबल्यावर होतं, तोपर्यंत केव्हाही परत फिरता येतं.

या मशीनवर आधी कधी फेडोरा असेल तर ईएफआय पार्टिशनमध्ये त्याचं जुनं फोल्डर राहिलेलं असू शकतं, आणि मग शेवटी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा भाग) बसवताना इन्स्टॉल अडकू शकतं. अशा वेळी 'कस्टम' निवडून लिनक्ससाठी स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करा: ५०० एमबीच्या आसपास ईएफआय, १ जीबी बूट एक्स्ट४ मध्ये, उरलेलं बीटीआरएफएस. विंडोजचं ईएफआय जसंच्या तसं राहू द्या. पहिल्यांदाच लिनक्स टाकत असाल तर या परिच्छेदाशी तुमचा संबंध नाही, ऑटोमॅटिक पुरतं.

एन्क्रिप्शन करायचं का, असंही विचारलं जातं. ज्या लॅपटॉपवर गावातल्या लोकांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती असतात, तो चोरीला जाऊ शकतो हे धरून चाला आणि एन्क्रिप्शन करा. पासवर्ड विसरलात तर मात्र उपाय नाही, म्हणून तो वहीत, आणि वही लॅपटॉपच्या पिशवीत नाही.

एसएसडी असेल तर इन्स्टॉल लवकर आटोपतं. पुष्कळ वेळ पट्टी एकाच जागी दिसली तरी बटण दाबून बंद करू नका.

## १०. पहिल्यांदा उठल्यावर

बूट मेनूत फेडोरा आणि खाली विंडोज दिसेल. आधी विंडोज उघडून पाहा. ती नीट उठली, फाइल जागेवर दिसल्या, की मग लिनक्सकडे वळा.

फेडोरात पहिल्या ओळखीच्या पडद्यांवर 'थर्ड-पार्टी रिपॉझिटरीज' चालू करा. त्यानं फ्लॅटहबवरची सगळी ॲप्स 'सॉफ्टवेअर'मध्ये दिसू लागतात. लिब्रेऑफिस, व्हीएलसी तिथूनच घ्या. फायरफॉक्स आधीच असतं, पण काही व्हिडिओ चालत नसतील तर फ्लॅटहबवरचं फायरफॉक्स टाका, त्यात व्हिडिओ चालवायला लागणारे कोडेक असतात. पहिलं ॲप टाकताना त्याच्यासोबत शेकडो एमबीचा रनटाइम (ॲप्सचा सामाईक पाया) उतरतो. पुढच्या ॲप्सना तोच कामी येतो. हे काम ब्रॉडबँडवर उरका.

मराठीसाठी: 'सेटिंग्ज', 'कीबोर्ड', 'इनपुट सोर्सेस', अधिकाचं चिन्ह, मराठी. इनस्क्रिप्ट येत असेल तर इनस्क्रिप्ट घ्या, नाहीतर फोनेटिक. विंडोजची खूण असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. जुन्या कृतिदेवमधल्या फाइल वाचायच्या असतील तर तो फॉन्ट फाइलवर दोनदा क्लिक करून स्वतःच्या खात्यापुरता बसवता येतो, सिस्टिमला हात लावावा लागत नाही.

नवख्यांची इथं एक गफलत होते. इंटरनेटवरच्या लिनक्सच्या बहुतेक व्हिडिओंत 'सुडो एपीटी' किंवा 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल' असं टाइप करायला सांगतात. सिल्व्हरब्लूवर ते तसं चालत नाही, कारण सिस्टिमचा मुख्य भाग फक्त वाचण्यासाठी असतो. क्रम असा ठेवा: आधी फ्लॅटपॅक. प्रोग्रॅमिंग शिकत असाल तर 'टूलबॉक्स' (सिस्टिमपासून वेगळी कामाची जागा), त्यात डीएनएफ मोकळेपणानं वापरा. प्रिंटरच्या ड्रायव्हरसारखं सिस्टिममध्येच लागणारं काही असेल तरच 'आरपीएम-ओएसट्री इन्स्टॉल', आणि त्यानंतर रीस्टार्ट. हा तिसरा मार्ग जितका कमी वापराल तितके पुढचे अपडेट सुरळीत.

## ११. अपडेट आणि मागे फिरणं

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे पाठीमागे आपोआप डाउनलोड होऊन दिवसाचा डेटा संपत नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी तालुक्याला किंवा नागपूरला गेलात की तिथल्या नेटवर 'सॉफ्टवेअर'मधून एकदाच अपडेट घ्या.

उतरलेली नवी इमेज बंद होतानाच्या शेवटच्या टप्प्यात जागेवर बसते. त्यामुळे अपडेटनंतर 'रीस्टार्ट' दिलं की मशीनला स्वतःहून बंद होऊ द्या, पॉवर बटण दाबून धरू नका. तेवढ्यात लाईन गेलीच तर पुढच्या वेळी जुनीच इमेज उठेल आणि अपडेट पुन्हा घ्यावा लागेल, इतकंच.

मागे फिरण्याचा सराव काही बिघडलेलं नसतानाच करून ठेवा. पहिल्या अपडेटनंतर बूट मेनूत फेडोराच्या दोन ओळी दिसतात, एकीच्या शेवटी 'ओएसट्री:०', दुसरीच्या 'ओएसट्री:१'. वरची नवी, खालची जुनी. खालची निवडा, लॉगिन करा, तुमची कागदपत्रं उघडून पाहा. ती तशीच असतील, कारण इमेज मागे गेली तरी घरच्या फोल्डरातल्या फाइल मागे जात नाहीत. आज टाइप केलेलं पत्र आजचंच राहतं. जुनीच कायम ठेवायची असेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'आरपीएम-ओएसट्री रोलबॅक' (rpm-ostree rollback), इंग्रजी लहान अक्षरांत, मधली आडवी रेघ धरून.

फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला तेरा महिन्यांच्या आसपास अपडेट मिळतात. म्हणजे एक आवृत्ती सोडून पुढची घेतली तरी चालतं. ती मोठी उडी परीक्षेच्या किंवा पीकविम्याच्या फॉर्मच्या गर्दीत मारू नका, आणि उडीच्या आधी चालू इमेज 'सुडो ओएसट्री ॲडमिन पिन ०' (sudo ostree admin pin 0) या आज्ञेनं खिळवून ठेवा. मग पुढचे अपडेट आले तरी ती पुसली जात नाही.

## १२. नेहमी येणाऱ्या अडचणी

विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तेच भारतीय वेळ समजून वाचते. वेळ चुकली की बँकेची संकेतस्थळंही उघडत नाहीत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा एकदा द्या.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच उठते. लिनक्स पुसलेलं नसतं. बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन फेडोराला वर आणा.

बूट मेनूत विंडोज दिसत नाही. एफ१२ किंवा तुमच्या कंपनीच्या बटणानं बूट मेनू उघडा, 'विंडोज बूट मॅनेजर' तिथं असतो.

वाय-फाय नाही. मोबाइलला केबल लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, नेट मिळेल. मग चिपचं नाव पाहून ड्रायव्हर शोधा.

## १३. नकोसं वाटलं तर काढायचं कसं

आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज त्यावरून उठते याची खात्री करा. मग लिनक्समधल्या फाइल बाहेर काढा. त्यानंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची पार्टिशन ओळखा: वहीत उतरवलेल्या जुन्या यादीत नसलेली, बिननावाची, तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेतली. तेवढीच 'डिलीट व्हॉल्यूम' करा. ईएफआय आणि रिकव्हरीला हात नाही. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला चिकटून असेल तर सी वर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम', जागा परत जोडली जाते.